कामापुरतं

माझं इस्त्रीचं दुकान आहे आणि माझं तोंड जरा मोठं आहे. दुकानानं मला कधी दगा दिला नाही, तोंडानं दिला. आणि त्याचा भुर्दंड माझ्याऐवजी दुसरीलाच पडला. तिचीच ही हकीकत.

ती माझ्याकडे आली तेव्हा बत्तीस वर्षांची होती. दुकानातला खिडकीकडचा कोपरा रिकामा पडून होता, म्हणून मी दारावर भाड्याची पाटी लावली होती. ती वाचून ही आत आली. घोट्यापर्यंत राखाडी झगा, केस रुमालाखाली, हातात हत्यारांची पत्र्याची पेटी. म्हणाली, "मी शिलाई मशीन दुरुस्त करते. कोपरा मला मिळेल का?" मी म्हटलं, "बस, बोलू." ती उभीच. "अगं, बस की! खुर्ची काय चावते?" तेव्हा कुठे टेकली. पुढचे दोन महिने ती प्रत्येक गोष्ट विचारून करायची. पाणी पिऊ का? खिडकी उघडू का? जरा मागे जाऊन येऊ का? एकदा मी वैतागून म्हणाले, "बाई गं, आता श्वास घ्यायलाही विचारणार आहेस का?" ती इतकी गोरीमोरी झाली की माझंच मला वाईट वाटलं. गल्लीनं तिचं नाव 'मेकॅनिक' ठेवलं आणि मीही तेच वापरायला लागले.

पुलापलीकडे तिच्या लोकांची वसाहत आहे. ते स्वतःला नुसतं 'मंडळी' म्हणवतात. बाहेरचा शिवलेला कपडा अंगाला लावायचा नाही, म्हणून घरोघरी हातमशीन. कमाई दर आठवड्याला प्रमुखांच्या पेटीत टाकायची आणि लागेल तेवढं मागून घ्यायचं. खोटं बोलायचं नाही. कुणाचं देणं ठेवायचं नाही. बाईनं सोबतीणीशिवाय पूल ओलांडायचा नाही. आणि जो मंडळी सोडून गेला त्याच्याबरोबर जेवायचं नाही, त्याला हात लावायचा नाही, कामाखेरीज त्याच्याशी बोलायचं नाही. हे सगळं तिनंच मला हळूहळू सांगितलं. शेवटच्या नियमातला 'कामाखेरीज' हा शब्द मी तेव्हा नीट कान देऊन ऐकला नाही.

तिचे वडील मंडळींची मशीनं दुरुस्त करायचे. मुलगा नव्हता, म्हणून विद्या मुलीला दिली. ते गेल्यावर चार वर्षं तिनंच वसाहतीतली सगळी मशीनं सांभाळली. मग ती बाहेर पडली आणि मंडळींची पंचाईत झाली. दुसरं कुणी शिकलेलंच नव्हतं. त्यामुळे राखाडी झग्यातल्या बायका दोघीदोघींनी येऊन माझ्या दुकानात मशीन ठेवायच्या, काय बिघडलंय ते चार शब्दांत सांगायच्या आणि भिंतीकडे बघत थांबायच्या.

बाहेर का पडलीस, असं मी तिला विचारलं होतं. मला वाटलं, काहीतरी मोठं प्रकरण असणार. ती बॉबिनमधला दोऱ्याचा गुंता सोडवत म्हणाली, "दर महिन्याला सभेत उभं राहून आपल्या मनातली चूक सांगायची असते. त्या महिन्यात मला एकही आठवेना. खूप शोधली, मावशी. मग मी एक बनवून सांगितली. सगळ्यांचं समाधान झालं. प्रमुखांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला."

"मग?"

"मग मला झोप लागेना. आधी सांगितलेल्या चुका तरी खऱ्या होत्या का, तेच आठवत बसले."

एवढ्यावरून कुणी घर सोडतं का, असं मी म्हणाले नाही. एरवी म्हणाले असते.

पहिल्या महिन्याची कमाई तिनं आणून माझ्या टेबलावर ठेवली. "यातलं माझं किती?" मी भाडं काढून घेतलं आणि बाकीचे तिच्याकडे सरकवले. "हे सगळं तुझं." तिला ते पटेना. कशाला किती खर्च करायचा हे आयुष्यात कधी ठरवलंच नव्हतं तिनं. तीन आठवडे ते पैसे हत्यारांच्या पेटीत तसेच पडून होते. मग एके दिवशी तिनं एक टॉवेल आणला, लालभडक. घडी उलगडून माझ्यासमोर धरला आणि विचारलं, "जरा जास्तच झालं का?"

"रंग की पैसे?"

"दोन्ही."

मी पोट धरून हसले. तीही हसली, पण आवाज न करता. आपल्या भाड्याच्या खोलीवर ती उभ्यानंच जेवायची, हे मला नंतर कळलं. वसाहतीत चाळीस माणसांची पंगत असते, एकटीनं ताटावर बसलं की घास उतरत नाही, असं म्हणाली. सुट्टीच्या दिवशीही दुकानात येऊन बसायची. झगा जाऊन साधे कपडे आले, रुमालही गेला, पण एकटेपणाला काही उतार पडला नाही.

आणि दर तीन-चार आठवड्यांनी तिची आई यायची.

पहिल्या खेपेला मला कळलंच नाही. म्हातारी, बारीक, सोबतीणीच्या मदतीनं मशीनचं लाकडी झाकण उचलत म्हणाली, "धागा तोडतंय. बघता का?" मेकॅनिक म्हणाली, "बसा. बघते." मग दोघींची नाकं मला दिसली. एकाच साच्यातली. त्या गेल्यावर विचारलं, तर "आई आहे," एवढंच म्हणाली आणि पाना पुसत राहिली.

माय-लेकी एकमेकींना 'अहो-जाहो' करताना बघून मला वाईट वाटायचं. पण मेकॅनिकचं वागणं बघून डोकंही तापायचं. इतर गिऱ्हाइकांना दहा मिनिटांत वाटेला लावणारी ही बाई आईच्या मशीनला अर्धा तास घ्यायची. एकेक स्क्रू काढायची, ब्रशनं दाते झाडायची, तेल कुठे किती थेंब घालायचं ते सांगायची. म्हातारी दर वेळी ते नव्यानं ऐकायची, एकही शब्द सांडू नये अशी. सोबतीण, रुंद चेहऱ्याची, ओठ कायम मिटलेले, दाराशी उभी राहून दोघींकडे बघायची. आणि शेवटी मेकॅनिक पैसे सांगायची. पूर्ण. एक नाणं कमी नाही. म्हातारी रुमालाची गाठ सोडून मोजून द्यायची आणि ही मोजून घ्यायची.

"जन्मदात्या आईकडून पैसे घेतेस?" मी एकदा विचारलंच.

"ते असू दे, मावशी."

"असू दे काय? बाहेर पडून हेच शिकलीस?"

आईची खेप होऊन गेली की ती दोन दिवस बरी असायची, डबा बसून खायची, हे मला दिसत होतं. पुढच्या खेपेची वाट बघण्यावरच तिचं सगळं चाललं होतं, हेही दिसत होतं. पण मला दिसतं ते मी सरळ बघेन तर ना! पैशाचा तो प्रकार माझ्या डोळ्यांत खुपत होता आणि एक दिवस मी मध्ये पडले.

म्हातारीनं रुमालाची गाठ सोडली होती. मी इस्त्री बाजूला ठेवून पुढे गेले आणि तिची मूठ मिटवली. "ठेवा हो, ताई. आईकडून कसले पैसे घ्यायचे? मी सांगते तिला. माय-लेकींत कसला आलाय व्यवहार?"

मेकॅनिक ताडकन उठली. "पैसे द्या," ती आईला म्हणाली. "पूर्ण द्या." तिचा असा आवाज मी कधी ऐकला नव्हता. मी म्हटलं, "गप गं!" आणि म्हातारीचा हात आणखी घट्ट धरला.

दाराशी उभी असलेली सोबतीण पुढे आली. "पैसे नाहीत म्हणजे हे काम नव्हे," ती शांतपणे म्हणाली.

"काम होतं," म्हातारी म्हणाली.

"मी इथं उभी होते. मला सभेत विचारतील. मला खरं सांगावं लागेल."

तिनं मशीन उचललं. म्हातारी तिच्यामागून गेली, मूठ अजून मिटलेलीच. मेकॅनिक खिडकीशी उभी राहून पुलाकडे बघत होती आणि मी, अक्कल गहाण टाकलेली बाई, मनात म्हणत होते की बघ, आज कुणीतरी खरं बोललं.

महिना गेला, दोन गेले. म्हातारी आली नाही. बाकीच्या बायका येत होत्या, मशीन ठेवत होत्या, भिंतीकडे बघत होत्या. मेकॅनिक मला एक शब्दही लावून बोलली नाही. त्यापेक्षा तिनं चार शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. डबा मात्र जसाच्या तसा परत न्यायची.

तिसऱ्या महिन्यात आईचं मशीन आलं, दुसऱ्याच एका बाईच्या हातात. "टाका पडत नाही," ती बाई म्हणाली, "उद्या न्यायला येते," आणि आपल्या सोबतीणीबरोबर निघून गेली. मेकॅनिकनं झाकण काढलं आणि वाकून सुईकडे पाहिलं. मग तिनं मला हाक मारली.

"ही सुई बघा. हिची एक बाजू सपाट असते. ती नेमकी कुठल्या अंगाला यायची ते मी सात वर्षांची असताना आईनं मला शिकवलंय. चाळीस वर्षं ती या मशीनवर बसतेय. आणि आता सुई उलटी लावलीये."

"डोळे गेले असतील गं."

"मागच्या वेळी बॉबिन उलटी होती. त्याच्या आधी स्क्रू सैल केला होता. त्याच्या आधी दात्यांत दोरा कोंबला होता. हे मशीन कधीच बिघडत नाही, मावशी. तीच बिघडवते." तिनं सुई काढून तळहातावर ठेवली. "माझी आई कधी खोटं बोललेली नाही. माझा आवाज ऐकण्यासाठी ती दर महिन्याला खोटं बोलत होती. पैसे घेतले तर ते काम ठरतं. काम असलं तर बोलता येतं. म्हणून मी पूर्ण घ्यायचे."

मी खाली बसले. गेली तीस वर्षं लोकांच्या कपड्यांवरच्या सुरकुत्या काढते आहे, आणि माझ्याच हातानं हे करून बसले होते. मला रडू आलं आणि ते मी लपवलं नाही. मेकॅनिकनं तिचा लाल टॉवेल माझ्याकडे फेकला आणि सुई सुलट लावायला घेतली.

चार दिवस मी विचार केला. क्षमा मागायला जाऊन उपयोग नव्हता, क्षमेला तिथे कोण विचारतो? पण मंडळी कुणाचं देणं ठेवत नाहीत, हे मला ठाऊक होतं. पाचव्या दिवशी भर दुपारी मी दुकान बंद केलं, पूल ओलांडला आणि वसाहतीच्या फाटकासमोर उभी राहून माझं तेच मोठं तोंड उघडलं.

"तीन महिने झाले, दुरुस्तीचे पैसे थकलेत! मशीन नेलं, पैसे बुडवले! ही तुमची शिस्त?"

खिडक्या उघडल्या. एक दाढीवाले गृहस्थ घाईनं बाहेर आले. मी त्यांना तारीख सांगितली, मशीन सांगितलं, रक्कम सांगितली. "पण तुम्हीच नको म्हणालात, असं कळलं," ते म्हणाले.

"मी कोण नको म्हणणारी? माझा इस्त्रीचा धंदा. काम तिनं केलं, पैसे तिचे. ती आजही मागतेय." ते गृहस्थ लाल झाले. आजूबाजूच्या खिडक्यांकडे त्यांनी एकदा पाहिलं आणि म्हणाले, "पोचते होतील."

मी मेकॅनिकला काहीच सांगितलं नाही. पैसे दुसऱ्याच कुणाच्या हातून आले असते तर? तिला पुन्हा आशेला लावायची माझी छाती नव्हती.

तीन दिवसांनी म्हातारी आली. हातात मशीन नव्हतं. दाराशी तीच सोबतीण. म्हातारी आणखी वाळली होती आणि पायरी चढताना तिनं चौकटीचा आधार घेतला. मेकॅनिक उभी राहिली, तिच्या हातातली पक्कड खाली पडली.

"तुमचं देणं राहिलं होतं," म्हातारी म्हणाली.

"हो."

"उशीर झाला."

"चालेल."

तिनं रुमालाची गाठ सोडली आणि एक नोट टेबलावर ठेवली. मी लांबूनही ओळखली. एवढ्या मोठ्या नोटेत मेकॅनिकनं ते मशीन वीस वेळा दुरुस्त केलं असतं. प्रमुखांच्या पेटीतून ही नोट म्हातारीनं कशी मागून घेतली असेल, देव जाणे. मेकॅनिकनं नोटेकडे पाहिलं, मग आईकडे. मग टेबलाचा खण उघडला. सकाळपासून सहा गिऱ्हाइकं होऊन गेली होती, खण नाण्यांनी आणि चिल्लर नोटांनी भरला होता. तिनं तो बंद केला.

"सुटे नाहीत," ती म्हणाली.

सोबतीण दाराशी होती, तिला खण दिसला असेल की नाही, मला कळेना. ती दोन पावलं आत आली आणि तिनं मान वळवून माझ्याकडे पाहिलं. "तुमच्याकडे असतील का सुटे?"

माझ्या कमरेला पैशांची थैली असते. सगळ्या गल्लीला ठाऊक आहे, चालताना वाजते. तिची नजर त्या थैलीवर होती आणि मी हलले असते तरी ती वाजली असती. म्हणून मी हलले नाही.

"नाहीत हो," मी म्हणाले.

ती माझ्याकडे बघत राहिली. मला वाटलं, संपलं आता सगळं. मग ती म्हातारीच्या जवळ गेली, खिडकीखालचं स्टूल तिच्यामागे सरकवलं आणि तिला दंडाला धरून बसवलं.

"नोट राहू द्या इथंच," ती मेकॅनिकला म्हणाली. "बाकीचे न्यायला आम्हाला परत यावं लागेल. आणि बरेच उरतात, तेव्हा पुढच्या दुरुस्तीचे पैसे त्यातूनच कापत जा. हिच्या मशीनचं काम सारखं निघतं."