पाचव्या इंजेक्टरवरची लाल खूण

हे मी बायकोलाही सांगितलं नाही. ती गेली तेव्हा सांगायचं राहून गेलं, असंही म्हणणार नाही — राहिलं नव्हतं, मी ठेवलं होतं. आज तुम्हाला सांगतो आहे, कारण आमच्या गॅरेजांच्या उद्यमनगरात चाललेली एक गोष्ट मला आता ऐकवत नाही.

ती गोष्ट अशी सांगतात : दस्तगीर मेस्त्रीचे हात म्हातारपणी थरथरू लागले, एका बड्या माणसाच्या स्पोर्ट्स कारमध्ये त्याच्या हातून चूक झाली, आणि त्यानं आपणहून पाना खाली ठेवला. ती चूक शोधली शिवा मेस्त्रीनं — म्हणजे मी — इंजिनाला नुसता कान लावून. गेल्या पावसाळ्यात दस्तगीर नेसरीला लेकीच्या घरी वारला, तेव्हा चहाच्या गाड्यावर हेच पुन्हा हळहळत सांगितलं गेलं. मी तिथं बसलो होतो. सांगणाऱ्यांपैकी एकानंही त्याला काम करताना पाहिलेलं नव्हतं. मी एकतीस वर्षं पाहिलं, एकाच गॅरेजात, एकाच बाकावर. कान लावून पेट्रोलचा दाब कळत नाही, एवढंही ज्याला ठाऊक नाही, त्यानं मेस्त्रींच्या गोष्टी सांगू नयेत.

मग खरं काय? ऐका.

गाडी निळी, दोन माणसांची, परदेशी, जुनी. सहा सिलिंडर, इंजेक्शनचं इंजिन. मालक आप्पासाहेब, फौंड्रीवाले. सकाळी पहिल्या चावीला सुरू व्हायची. पण पन्हाळ्यापर्यंत चालवून अर्धा तास उभी केली, की स्टार्टर नुसता फिरत राहायचा. कोणी बॅटरी बदलली, कोणी कॉइल. कोणी म्हणालं, इथलं पेट्रोल तिला मानवत नाही; त्यावर दस्तगीर म्हणाला होता, ‘‘का पावणं, पेट्रोलला पासपोर्ट लागतोय व्हय?’’ तिचे इंजेक्टर, म्हणजे सिलिंडरला पेट्रोल फवारणाऱ्या तोट्या, दोनच महिन्यांपूर्वी आम्ही काढून, साफ करून बसवले होते. पण आमच्या कामावर संशय घ्यायचं कुणाच्या मनात आलं नाही. माझ्याही नाही.

दोष शोधला तो दस्तगीरनं. मी नव्हे. त्यानं पेट्रोलच्या लाइनला प्रेशर गेज जोडला, इंजिन तापू दिलं, बंद केलं, आणि स्टुलावर बसून काटा पाहत राहिला. इंजिन बंद झालं तरी लाइनमध्ये दाब टिकला पाहिजे. नाही टिकला, तर गरम इंजिनावर नळीतल्या पेट्रोलची वाफ होते आणि गाडी सुरू होत नाही. काटा दहा मिनिटांत खाली आला. त्यानं टाकीकडे परत जाणारी नळी चिमट्यानं दाबली — काटा उतरतच राहिला. मग पंपाकडचीही दाबली. तरी उतरला. म्हणजे गळती या दोहोंच्या मध्ये, इंजेक्टरांपाशी. ‘‘शिवा, सहातला एक चोर हाय,’’ तो म्हणाला, ‘‘नमाज पढून येतो, मग धरू.’’ शुक्रवार होता.

मी थांबलो नाही. एकेक इंजेक्टर काढत गेलो आणि पाचव्याशी सापडलं. माथ्यावरची रबरी रिंग एका बाजूनं कापली गेली होती. ती तेलाचं बोट न लावता, कोरडीच दाबून बसवली की अशी कापते. तिथून पेट्रोल झिरपायचं आणि तापल्या लोखंडावर उडून जायचं. गाडी तापल्यावर सुरू होत नव्हती, एवढ्यावरच भागलं हे त्यातल्या त्यात बरं. ती पेटली असती.

आता आमची एक रीत सांगितली पाहिजे. ज्यानं नट आवळला, त्यानं त्यावर आपल्या रंगाचा ठिपका द्यायचा. माझा पांढरा. त्याचा लाल — नेलपॉलिशचा, लेकीनं दिलेल्या बाटलीतला. सहापैकी काही इंजेक्टर त्यानं बसवले होते, काही मी. कोणते कोणी, हे दोन महिन्यांनी कुणाला आठवणार? ठिपका सांगेल तेच खरं.

पाचव्याच्या नटांवर पांढरा ठिपका होता.

तुम्ही म्हणाल, मग काय झालं, चूक कुणाकडून होत नाही? मीही तेच म्हणायला हवं होतं. पण आप्पासाहेब चारला यायचे होते. उद्यमनगरातल्या निम्म्या मेस्त्रींना मी त्यांच्या चुकांवरून चारचौघांत सोलून काढलेलं होतं. मी — आणि कोरडी रिंग? मी ब्लेडनं पांढरा रंग खरवडला, पेट्रोलनं पुसला, आणि दस्तगीरच्या कप्प्यातली बाटली काढून तिथं लाल ठिपके दिले. नेलपॉलिश लवकर वाळते. हात माझा, बाटली त्याची. ठिपका हुबेहूब आला.

आप्पासाहेब आले ते चारच्या आधीच, आणि रिंग पाहून त्यांनी विचारलं, हे कुणी बसवलं? मी नटाकडे बोट दाखवू शकलो असतो. तेवढ्यानं भागलं असतं. पण मी आवाज खाली घेऊन, जणू त्याला पाठीशी घालतोय अशा सुरात म्हणालो, ‘‘दस्तगीरचं वय झालं. हात थरथरतो हल्ली. मीच बोललो नव्हतो.’’

दस्तगीर नमाजाहून परतून मागं उभा होता. त्यानं ऐकलं.

तो भांडेल, असं मला वाटलं होतं. भांडणाला मी तयार होतो. भांडणात मी कधी हरलेलो नाही. तो इंजिनावर वाकला, चष्मा वर करून नट पाहिले, रिंग बोटांत फिरवली. मग म्हणाला, ‘‘खूण माझीच हाय की.’’ आणि स्वतःच्या हातांकडे पाहत राहिला — आपल्याला न सांगता कुणी घर सोडून गेलं असावं, तसा. त्यानं माझ्यावर विश्वास ठेवला. आपल्या हातांवर ठेवला नाही. पंधरवड्यात त्यानं काम सोडलं.

त्याचे हात थरथरत नव्हते. त्या दिवशी नव्हते, त्याआधी नव्हते. चहाच्या गाड्यावर जे वाक्य फिरतं, ते माझं आहे.

चार वर्षांनी मी एकदा नेसरीला गेलो. सांगायला गेलो होतो, असं म्हणू? नाही. गेलो होतो, एवढंच खरं. लेकीनं चहा दिला. त्यानं कप दोन्ही हातांनी उचलला, दोन्ही हातांनी ठेवला. लेक म्हणाली, आता साधा बल्बसुद्धा बदलत नाहीत, म्हणतात काहीतरी फोडीन. ती आत गेली, तेव्हा त्यानं उजवा हात माझ्यासमोर धरला.

‘‘घरातली मन राखत्यात,’’ तो म्हणाला. ‘‘तू तोंडावर बोलणारा गडी हाईस. बघ, लई थरथरतोय का?’’

हात स्थिर होता. बोटंसुद्धा हलत नव्हती. मी बराच वेळ पाहिलं.

‘‘जरासा,’’ मी म्हणालो.

त्यानं मान हलवली आणि तो हात दुसऱ्या हातानं धरून मांडीवर ठेवला.