गाडी वेळेवर आली तो दिवस

माझी आक्का खानापूरच्या पुढं, लोंढ्याच्या वाटेवरच्या एका लहान गावात राहते. सत्तरी उलटली आहे. माझ्यापेक्षा सोळा वर्षांनी मोठी, त्यामुळं माझ्यावर ओरडण्याचा तिचा हक्क आईइतकाच जुना. तिचा डावा डोळा गेला आहे. उजवा टिकावा म्हणून महिन्यातून एकदा डोळ्यात इंजेक्शन घ्यावं लागतं. ते देणारे डॉक्टर बाहेरगावचे. बेळगावात महिन्यातून एकच दिवस येतात, सकाळी नऊ ते बारा. त्यांनी पहिल्याच भेटीत सांगितलं होतं, की एक जरी खेप चुकली तरी आहे ती नजर राहील याची खात्री देता येणार नाही.

म्हणजे काम एवढंच होतं : महिन्यातून एकदा आक्काला बारा वाजायच्या आत बेळगावला आणायचं. आमचे आजोबा हेच अंतर बैलगाडीनं करायचे असं घरात सांगतात. आता बैलगाड्याही राहिल्या नाहीत, त्यामुळं तो मार्ग बंद.

उरली सकाळची पॅसेंजर. ती आक्काच्या गावात सात बाराला थांबते आणि आठ पाचला टिळकवाडीतल्या आमच्या घराजवळच्या रेल्वे गेटावरून जाते. बसही आहे, पण ती गावात येत नाही, चार किलोमीटरवरच्या फाट्यावर येते, आणि तिथंही शाळेच्या पोरांनी भरलेली असली की थांबत नाही. आमच्या राज्यात बायकांना बसचा प्रवास फुकट आहे. आक्काला तो अजून जमलेला नाही, कारण त्यासाठी बस लागते. जीप आहे, ती भरल्याशिवाय हलत नाही, आणि बाजाराचा दिवस सोडला तर भरत नाही.

मध्यंतरी दुसऱ्या रुळाचं काम निघालं आणि पॅसेंजर रद्द झाली. पुढं ती 'अंशतः' रद्द झाली, म्हणजे आक्काच्या गावाचा अंश तेवढा वगळून धावू लागली. स्टेशनवर याबद्दल कन्नड, हिंदी आणि इंग्रजी अशा तीन भाषांत खेद व्यक्त होत असे. ते तीन महिने मी एका ओळखीच्याची मोटार मागून आणून निभावले, आणि ओळख थोडी कमी केली. मग गाडी पुन्हा सुरू झाली. रोज येऊ लागली. फक्त वेळेवर यायचं तेवढं तिनं सोडून दिलं.

मला आकड्यांची सवय आहे. गेट पडल्याची घंटा आमच्या व्हरांड्यात ऐकू येते. सकाळचा चहा घेता घेता मी वहीत पॅसेंजरची वेळ मांडू लागलो. सदतीस सकाळी मांडली. सर्वांत कमी उशीर एकेचाळीस मिनिटं, सर्वांत जास्त दोन तास सहा मिनिटं. वेळेवर आल्याची नोंद एकही नाही. इतकी शिस्त मी भल्याभल्या माणसांत पाहिली नाही.

तिकडं आक्का मात्र पावणेसातलाच जाऊन फलाटावर बसायची. तिथं छप्पर नाही, बाक एकच, आणि सकाळच्या गारठ्यात दीड-दोन तास बसून तिचा डोळा पाण्यानं भरायचा. मी हिशेब केला. सर्वांत कमी उशीर एकेचाळीस, त्यातले पंधरा सावधगिरी म्हणून सोडले. आक्काला फोन करून सांगितलं, की सात पस्तीसला फलाटावर पोच, त्याआधी जाऊन काही उपयोग नाही.

ती म्हणाली, "गाडी तिची येळ चुकवंल. म्या कशाला चुकवू?"

मी तिला सदतीस दिवसांचे आकडे वाचून दाखवले. ती दहाव्या दिवसाला "बरं बाबा" म्हणाली. माझी बायको निपाणीजवळच्या बोरगावची. तिच्या माहेरी रेल्वेच नाही. तिचं म्हणणं असं पडलं, की आमच्याकडं गाडी कधी लेट होत न्हाय आणि कधी चुकत न्हाय, तुमच्याकडंच कशी हो ही भानगड? माझ्याजवळ वही होती.

इंजेक्शनच्या दिवशी सात चाळीसला आक्काचा फोन आला.

"गाडी गेली रं."

मी विचारलं, कुठली? ती म्हणाली, आपलीच. मी म्हणालो, मालगाडी असेल. ती म्हणाली, मालगाडीच्या खिडकीतनं माणसं हात दाखवत न्हाईत, पाटलाच्या सुनंनं वळणावरनं बगितलं. मी म्हणालो, मग ती कालची असेल, कालची फार उशिरानं निघाल्याचं मी ऐकलंय. आजची यायची आहे, तू बसून राहा. हे मी तिला आकड्यांच्या आधारानं, अगदी शांतपणे सांगितलं, आणि तिची आणखी पंचवीस मिनिटं वाया घालवली.

आठ चारला गेटाची घंटा झाली. मी कप घेऊन बाहेर आलो. आठ पाचला पॅसेंजर माझ्यासमोरून गेली. मी आधी मनगटावरचं घड्याळ पाहिलं, मग घरातलं, मग बायकोला तिच्या फोनवर किती वाजले ते विचारलं. तिन्हीकडं आठ पाच. अडतिसाव्या दिवशी गाडीला आपलं वेळापत्रक आठवलं होतं.

बायको म्हणाली, "आता वहीला सांगा, आणा म्हणावं आक्कास्नी."

मी आक्काला पुन्हा फोन केला. मी स्कूटर घेऊन निघतो म्हणालो. तिनं तोवर माझ्याशिवाय विचार केला होता. गावातनं दुधाची गाडी नवाच्या पुढं खानापूरला जाते, तीत ती बसणार होती. पुढचा कच्चा रस्ता स्कूटरवर तिला झेपत नाही, म्हणून मी खानापूरला थांबायचं. मी म्हणालो, नवाच्या पुढं म्हणजे नक्की किती? ती म्हणाली, "दूध भरलं की. आता तू येळंचं बोलूच नगंस."

दूध दहाला भरलं. पावणेअकराला खानापुरात ती दुधाच्या कॅनांच्या मधून उतरली. पदर भिजलेला, हातात दवाखान्याची पिशवी. स्कूटरवर एका बाजूनं बसली आणि माझा खांदा घट्ट धरला. सत्तरीच्या बाईला मागं बसवून, खोदलेल्या रस्त्यावर, वेग पंचवीसच्या वर नेता येत नाही. मी मनात किलोमीटर आणि मिनिटं भागत होतो आणि प्रत्येक वेळी उत्तर बाराच्या पुढं जात होतं. मधे एकदा तिनं विचारलं, "चुकली तर काय व्हईल रं?" मी म्हणालो, नाही चुकणार. या वाक्याला कुठल्याही नोंदीचा आधार नव्हता.

टिळकवाडीत शिरताना गेट पडलेलं. मालगाडी. डबे मोजायची सवय आहे. त्या दिवशी मोजले नाहीत.

दवाखान्यात पोचलो तेव्हा बारा पंचवीस झाले होते. डॉक्टर बॅग आवरत होते. नर्सबाई म्हणाल्या, आता पुढच्या महिन्यात. मी हात जोडून उभा राहिलो. डॉक्टरांनी उशीर का झाला ते विचारलं, आणि खरं काय ते सांगावं म्हणून मी तोंड उघडलं, की वास्तविक गाडी आज वेळेवर होती, चूक माझ्या...

आक्कानं माझ्या दंडाला चिमटा काढला. जोरात. लहानपणी काढायची तसा.

"गाडी लेट हुती, डाक्टर," ती म्हणाली.

डॉक्टरांनी बॅग खाली ठेवली. तुमच्या त्या गाडीचं काही खरं नाही, असं म्हणत ते पुन्हा हात धुवायला गेले. नर्सबाईंनीही मान हलवली. बाकावर बसलेल्या दोघातिघांनी आपापल्या गाड्यांचे उशीर सांगायला सुरुवात केली. गाडीच्या बाजूनं बोलणारा तिथं मी एकटाच होतो आणि माझा दंड दुखत होता.

इंजेक्शनच्या आधी डॉक्टरांनी तिच्यासमोर बोटं धरली. किती? मी दारात उभा होतो, मला बोटं दिसत होती. तीन. आक्का डोळा बारीक करून बघत राहिली. फार वेळ गेला असं मला वाटलं, पण तो किती ते सांगता येणार नाही.

"तीन," ती म्हणाली.

अर्ध्या तासानं ती डोळ्यावर पट्टी लावून, नर्सबाईंचा हात धरून बाहेर आली. नर्सबाईंनी पुढची तारीख कार्डावर लिहिली आणि नेहमीप्रमाणं कार्ड माझ्यापुढं केलं. आक्कानं हवेत हात फिरवून ते चाचपलं आणि मधेच काढून घेतलं.

"माझ्याकडं द्या बाई," ती म्हणाली. "ह्येला गाडीतलं काय कळत न्हाय."