चांद्याचा आजार कोणाचा

केशोरीच्या चैतरामची दामिनी माझ्याकडे चौथीपर्यंत शिकली. वर्गात कमी बोलायची. गणित चुकलं तर पाटी लपवायची नाही, पुसून पुन्हा मांडायची. आता ती राज्याबाहेरच्या एका प्रयोगशाळेत गुरांच्या लाळ-खुरकूत रोगाच्या विषाणूवर काम करते.

ते काम तिने मला एकदा समजावून सांगितलं होतं. विषाणूत ते एक छोटा तुकडा घालतात. मग ज्या पेशीत तो विषाणू वाढतो, ती यंत्राखाली हिरवी चमकते. औषध टाकलं आणि हिरवं कमी झालं, तर औषधात काही दम आहे असं धरायचं.

त्या कामाला एक नियम आहे. तिथून बाहेर पडताना आंघोळ करतात, कपडे आतच राहतात. तरीही पुढचे काही दिवस गाय, बैल, शेळी यांच्या जवळ जायचं नाही. अंगावरची वस्तूही त्यांना लागू द्यायची नाही.

यंदा पोळ्याला तिला सुटी मिळाली. आली ती खांदशेकणीच्या संध्याकाळी. हळद-लोण्याने बैलांचे खांदे शेकून त्यांना दुसऱ्या दिवशीच्या जेवणाचं आवतन द्यायचं, हे त्या घरात लहानपणापासून दामिनीचं काम. पण ती गोठ्यातल्या चांद्या बैलाकडे फिरकली नाही. अंगणाच्या फाटकाशीच थांबली.

"मोठी साहेबीन झाली वं!" चैतराम म्हणाला. "चांद्याले रस्त्यावरूनच रामराम?"

"बा, नियम हाये. इतक्यात जनावराजवळ नाई जाता येत."

"त्याले सांग तुझा नियम. तो तुले पाहून हंबरून राहिला."

सगळे हसले. दामिनीही हसली.

सकाळी मी त्यांच्याकडे गेलो तेव्हा ती कुंपणापाशी उभी होती. कुंपणावर तिची ओढणी वाळत होती, हळदीने पिवळी झालेली.

"माय, हे कोनं घेतली?"

"मीनंच," सुशीलाबाई म्हणाल्या. "लेकीचा हात नाई लागला, त म्हनलं लेकीची ओढनी तरी लागू दे. त्याच ओढनीनं खांदा शेकला चांद्याचा. काऊन, का झाला?"

दामिनी ओरडली नाही, रडली नाही.  मग वडिलांना म्हणाली, "बा, चांद्याले आज तोरनाखाली नको नेऊ. दुसऱ्या बैलाईजवळ बांधूच नको."

"पोळ्याच्या दिवशी बैल घरी? लोक थुंकतीन माह्या तोंडावर."

"माह्या हातून रोग आला असन त साऱ्या गावाले जाईन, बा."

चैतरामने शिंगांना बांधायला आणलेली बेगड खाली ठेवली. दुपारी गावचे बैल जमले त्या तोरणाकडून पोळ्याची गाणी, झडत्या, ऐकू येत होत्या आणि चांद्या गोठ्यात एकटा रवंथ करत होता. चैतराम दाराकडे पाठ करून बसला. कोणी हाक मारली तर "पाय दुखून राहिला त्याचा," एवढंच सांगायचा.

दुसऱ्याच दिवशी ते खरं झालं. चांद्या लंगडायला लागला. तोंडातून लाळेच्या तारा लोंबू लागल्या.

दामिनीने आपल्या वरिष्ठांना फोन करून ओढणीची सगळी गोष्ट सांगितली. ते रागावले नाहीत. जनावरांच्या डॉक्टरकडून नमुना घ्यायला लावा, एवढंच म्हणाले. डॉक्टर आले, चांद्याच्या जिभेवरच्या फोडाचा नमुना बर्फात घालून घेऊन गेले.

"गुरुजी," ती मला म्हणाली, "आम्ही घातलेला तुकडा त्यात सापडला तर हा रोग माझा. नाही सापडला तर बाहेरचा."

 

त्या दिवसांत ती वेळेवर जेवायची, भांडी घासायची, विचारलं तेवढं बोलायची. सुशीलाबाई तिच्या पाठीवरून हात फिरवायच्या आणि ती तो फिरवू द्यायची. जनावरांपासून दूर राहायची मुदत संपली, तरी गोठ्यात गेली नाही.

फोन आला तेव्हा आम्ही सगळे अंगणात होतो. तिने "हो सर" म्हणत ऐकून घेतलं आणि फोन खाली ठेवला.

"आमचा नाई. गुराईच्या बाजारात जो रोग फिरून राहिला, तोच हाये."

सुशीलाबाईंना रडू फुटलं. चैतराम हातातली दोरी वळत होता.

"म्हंजे तू नाई आनला."

"नाई, बा."

"मंग पोळ्याले नेला असता त चाललं असतं."

"नाई. त्याच्या अंगात तवाच होता. नेला असता त आज गावातले सारे बैल लंगडत असते."

याचं कोणाला बरं वाटलं असं दिसलं नाही. दामिनीलाही नाही. वाचलेल्या बैलांच्या मालकांना तर हे माहीतही नव्हतं. त्यांच्या लेखी चैतरामने यंदा पोळा चुकवला होता.

"तुमच्या दवाईनं ते हिरवं कमी होते म्हनते ना?" चैतराम म्हणाला. "मंग आनत कायले नाई?"

"बशीतल्या पेशीत कमी होते, बा. बैलात अजून कोनी पाहिलं नाई."

"मंग पाहा ना लवकर."

"आमी पाहून राहिलो."

ती उठली. बादलीत कोमट पाणी घेतलं, त्यात लाल दवा टाकली आणि गोठ्यात शिरली. चांद्याने पाय झटकला. पाणी तिच्या अंगावर उडालं. तिने ते पुसलं नाही. पुन्हा खूर धरला आणि दोन नखांमधली जखम धुऊ लागली.