तिजोरीतला आवाज

आकाराम शिंद्यांनी उभं आयुष्य कोइमतूरला सोन्याच्या भट्टीपुढं काढलं. सोनं-चांदी गाळणारा विट्याचा गलाईवाला दुकानातली झाडलोटसुद्धा फेकत नाही. आज त्यातून सोनं निघालं नाही तर उद्या निघेल, म्हणून पोत्यात भरून ठेवतो. सोनं कुजत नाही, हे त्याला कुणी शिकवावं लागत नाही.

म्हणूनच विश्वजीतचा फोन त्यांनी मखमलीत गुंडाळून तिजोरीत ठेवला.

विश्वजीत एकुलता एक. भट्टीच्या धुरात बसणार नाही म्हणाला, तेव्हा "पुन्यांदा तोंड दावू नगंस" म्हणत आकारामांनी त्याला दंडाला धरून दाराबाहेर काढलं. पोरगा कराडात नोकरीला लागला आणि बापलेकांचं बोलणं तुटलं ते तुटलंच. मग एका दुपारी हायवेवर गाडी उलटली. मातीला आलेला त्याचा दोस्त सिद्धू म्हणाला, "आबा, निघायच्या आदी त्यानं तुमच्यासाटनं फोनात आवाज भरला हुता. म्हनला, आता धीर हुईना, सांजंला धाडतो."

फोनला कुलूप होतं आणि त्याचे आकडे कुणालाच ठाऊक नव्हते. दुकानदारानं बजावलं, चुकीचे आकडे टाकत बसाल तर आतलं सगळं पुसलं जाईल. आकारामांनी फोन बंद केला आणि पुन्हा हात लावला नाही.

पुढं टीव्हीवर क्वांटम कॉम्प्युटरच्या बातम्या सुरू झाल्या. जगातली झाडून सगळी गुप्त कुलपं तो चुटकीसरशी फोडणार म्हणे! एक कंपनी म्हणायची, आमचं यंत्र आलंच. दुसरी म्हणायची, कसलं येतंय, निव्वळ थापा. एखादा शास्त्रज्ञ सांगायचा, अजून वीस वर्षं नाव काढू नका. बाजारात तुरी अन् भट भटणीला मारी, असला सगळा कारभार. पण आकारामांना यंत्र येणार तेवढंच ऐकू यायचं. पोरगं शिव्या घालू दे नाहीतर माफ करू दे, त्यांना फक्त ऐकायचं होतं. त्यांची बायको मनुबाईही त्यांच्यासोबत वाट बघत राहिली.

यंदा धीर करून ते फोन घेऊन कराडला गेले. जिनेंद्र सर तिथं कॉलेजात कॉम्प्युटर शिकवायचे. सरांनी समजावलं, "आबा, ते यंत्र फोडेलच तर बँकांची, निरोपांची कुलपं फोडेल. तेही कधी, यावर अजून भांडणं चाललीत. फोनचं हे कुलूप वेगळ्या जातीचं आहे."

मग त्यांनी मखमल सोडली. बॅटरी फुगून काच उचलली गेली होती.

"चार्ज कधी केला होता?"

"एकदाबी न्हाई. लय जपून ठिवलाय."

सरांनी दुसरी बॅटरी घालून पाहिली. खूप खटपट केली. शेवटी खाली बघत म्हणाले, "वर्षानुवर्षं बंद राहिला की आतलं विरत जातं, आबा. अधूनमधून चार्ज केला असता तर..."

आकाराम आपल्या हातांकडं बघत बसले. ह्याच हातांनी पोराला घराबाहेर काढलं होतं, आणि त्याचं शेवटचं बोलणंही ह्याच हातांनी मारलं. सरांपुढं रडता येईना.

विट्याला घरी पाय ठेवतात तोच मनुबाई पुढं आली. "आवं, काय म्हनलं सर? उगडंल न्हवं?"

आकारामांनी पहिल्यांदाच तिला खोटं सांगितलं. "उगडंल म्हनलं. मशीन यायला जरा येळ हाय."

मनुबाईनं डोळ्याला पदर लावला. म्हणाली, "मग मला तवर जगाय पायजे."