रिकाम्या बाकाचा फोटो

या ग्रुपवरचे गूढ अनुभव मी बरीच वर्षं वाचतेय, पण खरं सांगायचं तर करमणूक म्हणून. याची झोप झालेली नसणार, तिला ताप असणार, असं मनातल्या मनात निदान करून मी पुढच्या पोस्टवर जायचे. त्यामुळे आज हे लिहिताना जरा अवघडल्यासारखं होतंय. तुम्हीही माझं निदान करा, हरकत नाही. मला ते ऐकायला आवडेल.

मी मूळची पुण्याची. दुबईत अल मनखूलला राहते आणि एका शाळेत चौथी-पाचवीच्या मुलांना इंग्लिश शिकवते. नवरा निनाद शारजाला हमरिया फ्री झोनमध्ये नोकरीला आहे, म्हणजे त्याचं निम्मं आयुष्य ट्रॅफिकमध्ये जातं. मुलगी ईरा इथेच वाढली. आपण मराठीत विचारायचं, तिनं इंग्लिशमध्ये उत्तर द्यायचं, असा आमच्या घरचा कारभार.

गेल्या वर्षी पुण्यात बाबांना स्ट्रोक आला. हातपाय हळूहळू सावरले, पण बोलणं गेलं. माझे बाबा म्हणजे गॅलरीत उभं राहून रस्त्याची कॉमेंटरी करणारा माणूस. भाजीवाल्यापासून पोस्टमनपर्यंत सगळ्यांशी गप्पा. तो माणूस नुसता बघत बसायला लागला. समजायचं सगळं, पण शब्द सापडायचा नाही. मग चिडायचे, मग डोळ्यांत पाणी... आई म्हणायची, "घरात रेडिओ बंद पडल्यासारखं झालंय गं."

स्पीच थेरपिस्ट बाईंनी सांगितलं होतं, रोजच्या साध्या गोष्टींचे फोटो दाखवा, नाव विचारा, घाई करू नका. हे तर माझंच काम! पिक्चर कार्ड दाखवून मी वर्गात दिवसभर हेच करते. तेव्हापासून मी रोज एक फोटो काढून आईच्या मोबाइलवर पाठवायला लागले. आमच्या गल्लीतल्या गाडीखाली सावलीला पसरलेलं मांजर. कागदी कपातला करक, म्हणजे इथला दाट दुधाचा चहा. एसीच्या डब्यावर ओळीनं बसलेली कबुतरं. खाडीतली अब्रा, म्हणजे इथली लाकडी होडी, आणि तिच्यात दाटीवाटीनं बसलेली माणसं. स्पेलिंग चुकलेली सलूनची पाटी... ही मात्र माझ्या करमणुकीसाठी. संध्याकाळी व्हिडिओ कॉल करायचा आणि विचारायचं, "बाबा, हे काय?"

बाबा फोटो लक्ष देऊन बघायचे. ओठ हलायचे. बाहेर काही पडायचं नाही. तरी मी रोज फोटो पाठवत राहिले, कारण थांबले असते तर मीच खचले असते.

तो गुरुवार होता. आमच्या बिल्डिंगच्या मागे एक छोटीशी बाग आहे. चार झाडं, एक घसरगुंडी, एक बाक. सकाळी शाळेच्या गाडीची वाट बघताना मी त्या बाकाचा फोटो काढला. कोवळं ऊन होतं आणि बाक रिकामा. 'बाक' हा छोटा शब्द आहे, जमेल, एवढाच विचार.

संध्याकाळी आईनं मोबाइल बाबांसमोर धरला. मी म्हटलं, "बाबा, हे काय आहे?"

बाबा बघत राहिले. नेहमीपेक्षा जास्त वेळ. मग एकदम मोबाइलकडे बोट करून, अगदी स्पष्ट म्हणाले, "उठव तिला."

आईच्या हातून मोबाइलच पडला. उचलला तेव्हा ती रडत होती, मीही रडत होते. किती महिन्यांनी आवाज ऐकला त्यांचा! पण बाबांना आमच्या आनंदाचं काही नव्हतं. ते अस्वस्थ झाले होते.

"उठव ना... तिला. एकच... चप्पल."

"कुणाला उठवू बाबा? कुणाची चप्पल?"

आई बिचारी त्यांची चप्पल हरवली की काय म्हणून दारात जाऊन बघून आली. दोन्ही जागेवर होत्या. बाबांनी मान जोरजोरात हलवली, पुन्हा मोबाइलवर बोट आपटलं आणि थकून डोळे मिटले.

रात्री जेवताना मी तो फोटो मोठा करून बघितला. बाक, मागे झुडूप, थोडी फरशी. बस्स. ईराला दाखवला तर म्हणाली, "ममा, इट्स जस्ट अ बेंच." निनाद म्हणाला, "अगं, स्ट्रोकनंतर भलतेच शब्द येतात. थेरपिस्ट म्हणाल्या होत्या ना? बोलले हे महत्त्वाचं." मला ते पटलं. खरंच पटलं होतं.

शुक्रवारी शाळा लवकर सुटते. दुपारी मी गाडीतून उतरले तेव्हा ऊन नुसतं भाजत होतं. अशा वेळी बागेत चिटपाखरू नसतं. पण बाकावर एक बाई बसली होती. साठीच्या पुढची असेल, फिकट साडी, मान छातीवर कललेली. उन्हातून आलेलं माणूस टेकतं, डुलकी लागते, त्यात काही विशेष नाही. मी एरवी सरळ लिफ्टकडे गेले असते.

पण तिच्या एकाच पायात चप्पल होती.

दुसरी चप्पल थोडी अलीकडे, फरशीवर उलटी पडली होती. आमचे वॉचमन खानभाई सावलीत उभे होते. म्हणाले, "सो रही है मॅडम, रहने दो बेचारी को."

मी जवळ गेले. "अम्मा... अम्मा?" खांदा हलवला. मान दुसऱ्या बाजूला पडली. अंग घामानं चिंब, आणि एवढ्या उन्हात हात गार.

"खानभाई, ये सो नहीं रही! ॲम्ब्युलन्स!"

त्यानंतरचं सगळं तुकड्यातुकड्यांत आठवतंय. खानभाई फोनवर पत्ता ओरडून सांगत होते, "यल्ला हबीबी, जल्दी!" कोणीतरी ज्यूस आणला. मी तो पाजू दिला नाही, कारण शुद्ध नसलेल्या माणसाच्या तोंडात काही घालायचं नाही हे शाळेच्या फर्स्ट एडमध्ये शिकवलेलं आठवलं. आम्ही तिला सावलीत कुशीवर निजवलं. मी तिचा हात धरून बसले आणि मराठीतच बोलत राहिले, "उठा हो, उठा..." ॲम्ब्युलन्सवाल्यांनी बोट टोचून साखर तपासली, एकमेकांकडे बघितलं आणि भराभर सलाइन लावलं. थोड्या वेळानं तिनं डोळे उघडले. माझा हात मात्र सोडला नाही.

तिचं नाव लीलाम्मा. केरळहून मुलाकडे, नातवाचं बारसं वगैरे करायला आली होती. शेजारच्याच बिल्डिंगमध्ये. मधुमेहाची गोळी घेतली, नीट खाल्लं नाही आणि बाळ झोपलंय तोवर जरा पाय मोकळे करावेत म्हणून खाली उतरली. चक्कर आली, चप्पल निसटली, कशीबशी बाकापर्यंत पोहोचली. सून शायनी हॉस्पिटलमध्ये मला बिलगून रडली. डॉक्टर तिला म्हणाले होते की आणखी थोडा वेळ लीलाम्मा तशीच बसून राहिली असती तर अवघड होतं.

मी शायनीला विचारलं, "अम्मा रोज येतात का त्या बागेत?"

"नो, नो. फर्स्ट टाइम. दो दिन पहले तो इंडिया से आयी है, घर से निकली ही नहीं थी."

निनाद म्हणतो, योगायोग. पुण्यातल्या न्यूरॉलॉजिस्टनी ऐकून घेतलं, हसले आणि म्हणाले, "बोलले ना? मग आता बोलतं ठेवा." माझ्या मावशीचं म्हणणं, आजारपणात माणसाला दिसतं काहीबाही. यातलं एकही मला पूर्ण पटत नाही आणि माझ्याकडे चौथं काही नाही.

बाबा त्यानंतर हळूहळू बोलायला लागले. आधी एकेक शब्द, मग दोन-तीन जोडून. कबुतराला कबूतर म्हणतात, चहा बघितला की "मलाही" म्हणतात. एकदा लीलाम्मा आमच्या घरी आल्या असताना मी कॉल जोडून दिला. त्यांना मराठी येत नाही, बाबांना मल्याळम येत नाही, आणि बाबांना तर आपलीच भाषा पुरत नाही. तरी दोघं बराच वेळ हातवारे करून हसत होते. आई मागून म्हणाली, "झाला बाई रेडिओ सुरू."

परवा धीर करून मी त्यांना विचारलं, "बाबा, त्या दिवशी ती बाई तुम्हाला कशी दिसली हो?"

त्यांनी माझ्याकडे असं बघितलं, जणू वर्गातल्या ढ मुलानं काहीतरी विचारलंय. शब्द शोधायला वेळ लागला. मी घाई केली नाही.

"तूच तर..." ते म्हणाले, "तूच तर काढलास ना... तिचा फोटो."