राजस्थानात कसली गं थंडी?

मंडळी, सकाळपासून माझं डोकं तापलंय. जयपूरच्या या गारठ्यात तेवढंच काय ते तापलंय.

साताऱ्याहून आईचा व्हिडिओ कॉल आला. धाकटी बहीण कॅनडातून होतीच. तिनं खिडकीतून पहिला बर्फ दाखवला. ती तिकडे गेल्यापासून हेच चाललंय. तिथली पानं कधी लाल झाली, कधी गळली, आईला सगळं तोंडपाठ आहे.

"माझी पोर गारठली असेल गं!" आईनं डोळ्यांना पदर लावला.

पोर हीटरच्या उबेत, अर्ध्या बाह्यांच्या टी-शर्टमध्ये आइस्क्रीम खात होती. त्याच स्क्रीनवर मी स्वेटर, शाल, कानटोपी घालून बसले होते. आमच्या प्रताप नगरच्या घरात फरशीवर पाय ठेववत नाही.

मी म्हटलं, "आई, इथंही खूप थंडी आहे."

"राजस्थानात कसली गं थंडी? वाळवंट ते! बरं, तुझी ती हलकी रजई हिला पाठव."

ती रजई मी चारदीवारीतल्या, म्हणजे इथल्या तटबंदीच्या आतल्या जुन्या शहरातल्या दुकानात तासभर बसून, डोळ्यांदेखत कापूस भरून घेतलीय.

धाकटी म्हणाली, "ताई, पाठवच! सोफ्यावर टाकायला छान दिसेल."

सोफ्यावर!

नवऱ्याच्या रेल्वेतल्या बदलीमुळे इथं आलो, त्याला पाच हिवाळे झाले. "तुझ्याकडे थंडी किती आहे?" असं आईनं एकदाही विचारलेलं नाही.

तुमची आई विचारते का हो? विचारत असेल तर कमेंटमध्ये लिहू नका. आज मला तुमचाही हेवा वाटेल.