किलियन ब्लॉयेलची आरोळी आणि डॉक्टरांची गांधीलमाशी

आब्ट्सरोडा गावात किलियन ब्लॉयेलचा धंदा होता गवत ओढायची लाकडी दाताळी करण्याचा, आणि ख्याती होती आवाजाची. दाताळी बरी असत. आवाज मात्र अचाट होता. वासरकुप्पे डोंगराच्या उतारावर उभे राहून त्याने शेजाऱ्याला नुसते 'आज जरा डोकं दुखतंय' असे सांगितले, तरी पलीकडच्या खोऱ्यातल्या गाई पान्हा चोरत. चर्चमध्ये पाद्रीबुवांनी त्याला गाणाऱ्यांच्या मागच्या रांगेत, खांबाआड उभे केले होते आणि 'किलियन, तू आपला मनातल्या मनात गा, देवाला तेवढं पुरतं' अशी हात जोडून विनंती केली होती. घरी तर या देणगीचा काडीचाही उपयोग नव्हता. त्याची बायको वाल्बुर्गा इतकी सलग बोलायची की आवाज घुसवायला फटच सापडत नसे.

या आवाजाचे चीज झाले ते किलियनच्या चव्वेचाळिसाव्या वर्षी. पहिले महायुद्ध हरल्यावर देशात इंजिनाच्या विमानांवर बंदी आली, तेव्हा शहरातली शिकलेली मुले बिनइंजिनाची विमाने घेऊन वासरकुप्पेवर येऊ लागली. असले विमान उडवायचे म्हणजे गलोलीतून खडा मारायचा, एवढेच. नाकाच्या आकड्यात रबरी दोरीचा मध्य अडकवायचा, दोरीची दोन टोके चार-चार जणांनी धरून उताराकडे ओढायची, आणि तोवर दोघांनी विमान मागून गच्च धरून ठेवायचे. त्यावर हुकूम तीन. 'ताणा!' म्हटले की पुढचे आठ जण चालू लागत. 'पळा!' म्हटले की धावत सुटत. आणि 'सोडा!' म्हटले की मागचे दोघे हात सोडत, विमान सणसणत हवेत जाई, दोरी आपोआप गळून पडे आणि पुढचे आठ जण गवतात पालथे.

भर वाऱ्यात हे तीन शब्द दहाही जणांना एकदम ऐकू जायला हवेत. ते काम किलियनखेरीज कोण करणार? गेली आठ वर्षे प्रोफेसर, सरदारपुत्र, फार काय, एकदा एक निवृत्त जनरलसुद्धा किलियनच्या 'पळा'वर पळाला होता आणि 'सोडा'वर शेणात पालथा पडला होता. "या डोंगरावरून माझ्या 'सोडा'शिवाय आजवर काही उडालेलं नाही. पाखरं सोडून," असे तो खानावळीत सांगे.

"पाखरांना तुझी भीती वाटते म्हणून ती आधीच उडतात," असे व्हालेंटिन बेकरीवाला म्हणे. हा व्हालेंटिन म्हणजे मागून विमान धरणाऱ्या दोघांपैकी एक. अंगाने पिंपासारखा, आणि हुकमाचा इतका पक्का की किलियनने 'सोडा' म्हटले नसते तर तो विमान धरून नाताळपर्यंत उभा राहिला असता.

तर एकोणीसशे अठ्ठावीस सालच्या जूनमध्ये डॉक्टर एग्बर्ट झीबोल्ड आपले यंत्र घेऊन आले. हे औषधाचे नव्हेत, गणिताचे डॉक्टर. यंत्राचे नाव 'गांधीलमाशी'. तिचा छोटा पंख पुढे आणि मोठा मागे होता, त्यामुळे छपरीतून बाहेर काढताना गावकऱ्यांनी ती भक्तिभावाने उलटी नेली आणि तोंड डोंगराकडे करून ठेवली. शेपटाशी स्टोव्हच्या धुराड्याएवढे एक नळकांडे होते. त्यात ठासून भरलेली बंदुकीची दारू. अशी आणखी दोन नळकांडी पेटीत होती. एकेक नळकांडे अर्धा मिनिट जळणार होते.

किलियन दोरी खांद्यावर टाकून पुढे झाला. "डॉक्टरसाहेब, आकडा कुठाय हिचा?"

"आकडा?" डॉक्टरांनी चष्मा वर केला. "दोरीचे दिवस संपले, ब्लॉयेल महाशय. ही आपल्या आगीवर जाणार. दोन वर्षांनी या डोंगरावर तुम्हाला दोरीचा तुकडा दिसायचा नाही."

"मग हुकूम कोण देणार?"

"हुकूम कशाला? मी बटण दाबणार."

किलियन घरी आला तो दोरी न उतरवताच जेवायला बसला. वाल्बुर्गाने बटाट्याचे चार गोळे वाढले. त्याने दोनच खाल्ले. हे पाहून ती चक्क गप्प झाली. अठ्ठावीस वर्षांत पहिल्यांदाच बोलायला फट मिळाली होती, आणि किलियनला बोलण्यासारखे एकच होते.

"बटण दाबणार म्हणतो. मग मी कोण?"

"तू दाताळ्यांचा कारागीर."

"त्यांचे दात पडतात, वाल्बुर्गा."

"पडतात खरे," ती म्हणाली. नवरा कितीही दुःखात असला तरी खोटे बोलणे तिच्या स्वभावात नव्हते.

दुसऱ्या दिवशी सगळा गाव डोंगरावर लोटला. डॉक्टर चामडी टोपी घालून आत बसले, बटण दाबले. नळकांड्यातून असा काही फूत्कार निघाला की तीन म्हाताऱ्यांनी गुडघे टेकले. गांधीलमाशी थरथरली, पंधरा पावले सरपटली, चिचुंदरीने उकरलेल्या मातीच्या ढिगात नाक खुपसून थांबली आणि उरलेला वेळ तिथेच बसून धूर सोडत राहिली. किलियनने चेहरा गंभीर ठेवला, पण मिशीला काही ते जमले नाही.

डॉक्टर धुरातून बाहेर आले, खोकले आणि म्हणाले, "सुरुवातीला... किंचित... धक्का हवा."

"किंचित धक्का म्हणजे दोरी," किलियन म्हणाला.

"तात्पुरती. हिला आकडा आहे, कारखान्यातून आलाय तसाच. मी बटण दाबतो, तुम्ही ओढा, दोन्हींचा जोर एकदम लागेल."

किलियनने आयुष्यात इतक्या प्रेमाने दोरी अडकवली नव्हती. पुढे आठ जण. मागे दोन्ही अंगांना तिरप्या बांधलेल्या दोऱ्या, म्हणजे आगीचा झोत मधून जावा. एकीला व्हालेंटिन, दुसरीला त्याचा मेहुणा.

"भाजेल का रे?" मेहुण्याने विचारले.

"मला नाही," व्हालेंटिन म्हणाला. "माझ्या भुवया भट्टीने कधीच खाल्ल्यात."

"ताणा!" डोंगर दणाणला. आठ जण चालू लागले. "पळा!" ते पळाले. रबर वेताच्या छडीसारखे ताठ झाले. नेमके तेव्हाच डॉक्टरांनी बटण दाबले आणि किलियनने छाती फुगवून, जन्मभराची साठवण पणाला लावून आरोळी ठोकली, "सोडा!"

कुणालाही ऐकू आली नाही.

किलियनलासुद्धा नाही. तोंड उघडलेले, मानेच्या शिरा तट्ट फुगलेल्या, आणि बाहेर नुसता रॉकेटचा फूत्कार. त्याने पुन्हा पुन्हा ओरडून पाहिले. हात हलवले, उड्या मारल्या. पण आठ वर्षांत त्याने सगळ्यांना एकच गोष्ट घोटून शिकवली होती: हात हलवणाऱ्याकडे बघायचे नाही, फक्त माझा शब्द ऐकायचा. शब्द आला नव्हता. व्हालेंटिनने टाचा जमिनीत रोवल्या, डोळे मिटले आणि धरून ठेवले. मेहुण्याने धरून ठेवले. पुढचे आठ जण तिरपे होऊन, बूट घसरत, लाल तोंडाने ताणून उभे. मधोमध गांधीलमाशी जागच्या जागी आग ओकत होती आणि आत डॉक्टर काहीतरी ओरडत होते, तेही कुणाला ऐकू येत नव्हते. अर्धा मिनिट हे असे चालले. मग नळकांडे फुस्स करून विझले.

शांतता पसरली. आणि त्या शांततेत किलियनची अकरावी आरोळी सहा गावांना ऐकू गेली. "सोऽऽडा!"

दहाही जणांनी ताबडतोब हुकूम पाळला. गांधीलमाशी आगीशिवाय, आवाजाशिवाय, एखाद्या साध्या ग्लायडरसारखी सुरेख उचलली गेली, कुरणावरून तरंगत गेली आणि खाली गाईंच्या मधोमध अलगद उतरली. गावकऱ्यांनी टाळ्या वाजवल्या. रॉकेटचे उड्डाण असेच असते, असे त्यांना वाटले.

किलियनने टाळी वाजवली नाही. गवतावर मटकन बसून त्याने घसा चोळला. दोरी बटणापुढे तरली होती, पण आवाज हरला होता. दोरी काय, कोणीही ओढेल. उद्या डॉक्टर शिट्टी आणतील, झेंडा आणतील. झेंडा हलवायला वाल्बुर्गासुद्धा चालेल.

डॉक्टर धापा टाकत वर आले. एका बाहीवर गाईने जीभ फिरवली होती. ते सरळ किलियनसमोर उभे राहिले. सगळा गाव कान टवकारून गोळा झाला.

"ब्लॉयेल महाशय, तुमच्या माणसांनी माझं रॉकेट धरून ठेवलं!"

"त्यांना सोडायला सांगितलं नव्हतं," किलियन खाल मानेने म्हणाला. "म्हणजे सांगितलं होतं. पोचलं नाही."

"दोरीनं मात्र ती छान उडाली," व्हालेंटिन मध्येच म्हणाला. त्याच्या टोपीतून धूर येत होता. "पेटवायचीच असेल तर वर जाऊन पेटवा की! इथं आमच्या तोंडावर कशाला?"

डॉक्टरांनी खिशातून वही काढली आणि बराच वेळ आकडेमोड केली. गणिताच्या डॉक्टरला बेकरीवाल्याचे म्हणणे पटायला दोन पाने लागली.

"म्हणजे आधी दोरी," ते सावकाश म्हणाले, "मग शांतता... म्हणजे तुमचा हुकूम. आणि हवेत गेल्यावर बटण."

"हुकूम आगीच्या आधी?" किलियनने मान वर केली.

"आधी. आगीत तुमचं ऐकणार कोण?"

शेवटचे नळकांडे चढवले गेले. आरोळ्या एकामागून एक सुटल्या, आणि तिसरीवर व्हालेंटिनने इतक्या आनंदाने हात सोडले की तो मागच्या मागे कोलमडला. गांधीलमाशी वर गेली, क्षणभर तरंगली, आणि मग तिच्या शेपटातून आगीची जीभ निघाली. ती कुरण ओलांडून गेली, देवदारांवरून वळली, मागे पांढऱ्या धुराची रेघ सोडत. आठही जण पालथे पडायचे विसरून तोंड वासून उभे होते. त्यांच्यावर ओरडायला हवे होते, हे किलियनच्या गावीही नव्हते. तोही टोपी छातीशी धरून वरच बघत होता.

डॉक्टर उतरले ते आपल्या पायांनी, काजळी फासलेल्या तोंडाने. येताच त्यांनी किलियनचा हात दोन्ही हातांत घेतला.

"मी नवी नळकांडी मागवतो. पुढच्या सोमवारी आठ वाजता. दोरी घेऊन या."

"आठला नाही, सातला," किलियन म्हणाला. खोऱ्यातल्या गाईंनी माना वर केल्या. "आणि मी सांगेपर्यंत बटणाला हात लावायचा नाही."